खोटं आणि खोटं-खोटं

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर वादाला तोंड फुटलं. कायद्याचा रोख पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे खेळ त्यानं वेगळे काढलेत. ग्रुपवर मात्र सगळे एकाच माळेचे मणी. 'पोरं खोट्या जगात राहायला लागलीत,' हा काकांचा निकाल. मी नॉर्वेत बसून तो वाचत होते आणि स्क्रीनवरच्या शेजारच्या खिडकीत माझं खोटं जग उघडंच होतं.

सहा वर्षं मी एका लेखी रोलप्लेमध्ये आहे. चित्रं नाहीत, गुण नाहीत, हारजीत नाही. नऊ जण मिळून एका नदीकाठची गोष्ट लिहितो, प्रत्येकाचं एक पात्र. माझा म्हातारा नावाडी. तिरसट, थोडा लोभी. पात्र बोलत असेल तर साधं लिहायचं, आपण स्वतः बोलत असू तर दुहेरी कंसात. ((फोन आलाय, दहा मिनिटं.))

या नदीची आम्ही भाषाही केलीय, शंभरेक शब्दांची. निम्मे शब्द टायपिंगच्या चुकांतून जन्मले. त्यातला एक 'ओलूम': नाव काठावरून सुटलीय आणि पलीकडचा काठ अजून दिसत नाही, ती वेळ. मराठीत जवळचा शब्द 'अधांतरी', पण त्यात पडायची धास्ती आहे. परदेशी राहणाऱ्यांना सर्रास 'त्रिशंकू' म्हणतात. त्यात तर शाप आणि वर उलटं लटकणं. ओलूममध्ये नाव चाललीय, एवढंच. अकरा वर्षं मी इथे जे करतेय त्याला नाव नव्हतं. ते कुणाच्या तरी घसरलेल्या बोटानं दिलं.

बनावट शब्दाला कसला अर्थ, असं म्हणणाऱ्यांनी पुढच्या अर्जावर 'दिनांक' लिहिताना जरा थांबावं. तोही सावरकरांनी घडवलेलाच. वापरणारे मिळाले, रुळला. आमचे वापरणारे नऊ. कमी आहेत, मान्य.

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा रात्र होती, विमान दुसऱ्या दिवशीचं. खिडकी उघडी होती म्हणून तिथे लिहिलं, ((माझे बाबा गेले.)) बराच वेळ कुणी काही टाइप केलं नाही. मग कंदीलवाली जी खेळते, जिचं खरं नावही मला तेव्हा माहीत नव्हतं, तिनं कंसाबाहेर लिहिलं: 'तिनं काठावर कंदील टांगला. म्हातारबा, ओलूम आहे तोवर तेल घालत राहीन.' त्याआधी घरच्यांनी धीर दिला होता, अगदी मनापासून. रडू आलं ते कंदिलाला.

नॉर्डिक लार्पवाले, म्हणजे पात्र होऊन प्रत्यक्ष समोरासमोर खेळणारे, याला 'ब्लीड' म्हणतात. पात्राच्या भावना खेळणाऱ्यात झिरपतात, खेळणाऱ्याच्या पात्रात. नेहमी गोड झिरपत नाही. आमच्यातला एक जण पात्रांमधलं प्रेम खरं धरून बसला, समोरची तशी नव्हती. सगळ्यांशी भांडून गेला. 'अरे, खेळच होता' असं त्याला सांगायला मला तोंड नव्हतं.

व्यसनही असतंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. ताबा सुटणं, खेळ बाकी सगळ्याच्या वर जाणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, या तिथल्या खुणा. भावना गुंतणं ही त्यातली खूण नाही.

परदेशातले लोक याबाबतीत फार शहाणे आहेत, असं मात्र कुणी समजू नये. मॅट्स स्टेन हा नॉर्वेजियन तरुण २०१४ मध्ये स्नायूंच्या दुर्धर आजारानं पंचविसाव्या वर्षी गेला. मुलगा वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ खेळत एकाकी जगला, असंच आईवडिलांना वाटत होतं. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर बातमी टाकली आणि त्याच्या 'आयबेलिन' या पात्राच्या सोबत्यांच्या ईमेलांची रीघ लागली. काही जण परदेशांतून अंत्यविधीला आले.

हे सगळं ग्रुपवर लिहिणं जमलं नाही. एवढंच लिहिलं: 'काका, खोटं नाही. लहान मुलं म्हणतात ना, खोटं-खोटं.'

काकांनी अंगठा पाठवला.