कपात कुठंय दाखवा म्हणता? बसा, दाखवतो

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आली त्या रात्रीच वाचली, पण लगेच उत्तर दिलं असतं तर भांडणच झालं असतं म्हणून चार दिवस थांबलो. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांचं अनुदान सरकार आटवतंय असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की कपात वगैरे काही झालेली नाही, उलट २०२२ मध्ये ६० टक्के वाढ मिळाली, अर्धी वाचनालयं बोगस आहेत, मोबाईलच्या जमान्यात तिथं पाच म्हातारे पेपर वाचायला येतात त्यांच्यासाठी करदात्यांनी पैसे का मोजायचे, रस्ते-दवाखाने आधी करा, आणि लोकांना एवढं हवंच असेल तर वर्गणी वाढवा. शेवटी हेही लिहिलंत की वडिलांची पुस्तकं द्यायला गावच्या वाचनालयात दोनदा गेलात आणि दोन्ही वेळा कुलूप.

आधी माझी चूक कबूल करतो. लेखाचं शीर्षक मी ‘अनुदान बंद’ असं ठोकून दिलं होतं, ते चूक होतं, बंद झालेलं नाही. शीर्षक बदललंय. तुम्ही टोकलं ते बरं केलं.

पण ६० टक्क्यांचं तुम्ही जे लिहिलंत ना, ते आकडे घेऊन एकदा माझ्यासोबत बसा. मी एका ‘ड’ वर्ग वाचनालयाचा (सरकार वाचनालयांना अ ते ड असे वर्ग देतं, ‘ड’ सगळ्यात खालचा) कार्यवाह आहे, म्हणजे बिनपगारी हमाल, त्यामुळे हे आकडे झोपेत पण सांगू शकतो. २०१२ मध्ये वाढ झाली तेव्हा ‘ड’ वर्गाला वर्षाला ३०,००० रुपये झाले, त्यानंतर दहा वर्षं एक पैसा वाढला नाही, आणि २०२२ च्या शेवटी ६० टक्के वाढून ४८,००० झाले. आता सरकारचाच महागाईचा निर्देशांक घ्या. २०१२ ला १०० धरलेला तो आकडा २०२२ संपताना १७६ च्या आसपास होता, म्हणजे जे ३० हजारात यायचं त्याला ५२,८०० लागायला लागले आणि आम्हाला मिळाले ४८,०००. वाढ होऊनसुद्धा आम्ही दहा वर्षांपूर्वीपेक्षा खालीच, आणि मधल्या दहा वर्षांत दरसाल थोडं थोडं जे झिजलं ते तर कुठंच धरलेलं नाही. अशी कपात कुठल्या जीआरमध्ये सापडत नाही हो, तारीखच नसते तिला.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये कसं झालं बघा. तिथल्या महापालिकेनं २०२३ च्या सप्टेंबरात पैसे संपले म्हणून हात वर केले आणि मग शहरातल्या नामांकित कला संस्थांचं अनुदान २०२४-२५ ला निम्मं आणि पुढच्या वर्षी शून्य करू असं उघड जाहीर केलं. वाईट झालं, पण निदान लोकांना काय चाललंय ते कळलं, बोंब मारता आली. आमच्याकडे बोंब मारायला गेलं की तुमच्यासारखे म्हणणार, अहो वाढ झालीय की!

बरं, त्या ४८ हजारांचं होतं काय? निम्मे वेतनावर आणि निम्मे वेतनेतर असा नियम आहे. म्हणजे २४ हजार भागिले १२, महिन्याला दोन हजार रुपये. हा आमच्या ग्रंथपाल मावशींचा पगार. २०२२ च्या आधी साडेबाराशे होता. रोजगार हमीवर २०२४-२५ ला महाराष्ट्रात रोज २९७ रुपये मिळत होते, म्हणजे खड्डे खणणारा माणूस सात दिवसांत जेवढं मिळवतो तेवढं आमच्या मावशी महिनाभरात मिळवतात, आणि वर दाखल नोंदवही, देवघेव रजिस्टर, वार्षिक अहवाल सगळं त्यांनीच लिहायचं. सकाळी त्या एका बालवाडीत मदतनीस म्हणून जातात, दुपारी शिवणकाम, संध्याकाळी वाचनालय. एखादं पोर आजारी पडलं की कुलूप. तुमच्या गावचं कुलूप मी बघितलेलं नाही त्यामुळे छातीठोकपणे सांगत नाही, पण मला तरी अंदाज येतो.

उरलेल्या २४ हजारात पुस्तकं, पेपर, वीज, छपराची डागडुजी. वर्गणी वाढवा म्हणता, आमची महिन्याला २० रुपये आहे, सभासद ११० पण नियमित देणारे साठेक, म्हणजे बाराशे रुपये जमतात आणि त्यातले नऊशे पाच पेपर आणि दोन साप्ताहिकांच्या बिलात जातात. ३० करून बघितली होती एकदा. तीन महिन्यांत सोळा बायका कमी झाल्या. पुरुष नाही, बायका, कारण घरात पहिली काट त्यांच्याच खर्चाला लागते. परत २० केली.

आणि हप्ते! हे बाहेरच्या माणसाला कळतच नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. अनुदान एकरकमी येत नाही, दोन हप्त्यांत येतं. पहिला कधी येईल ते देव जाणे आणि दुसरा यायचा तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, एका वर्षी तर आम्हाला २९ मार्चला मिळाला, आणि खर्च ३१ च्या आत दाखवायचा. आता दोन दिवसांत पुस्तकं निवडून कोण आणणार? मग काय, विक्रेता संच घेऊन तयारच असतो, सूट भरपूर, बिल रेडी, आणि संचात काय तर कुणी कधी न मागितलेली चरित्रं, यशस्वी होण्याचे अमुक मार्ग, सामान्यज्ञानाच्या जुन्या आवृत्त्या. एका वर्षी एकाच पुस्तकाच्या दोन प्रती निघाल्या, कव्हर वेगळी, आत तेच. ती पुस्तकं कपाटात तशीच राहतात आणि मग तुमच्यासारखा कुणी येऊन म्हणतो, इथं वाचण्यासारखं आहे काय? अहो बरोबरच म्हणतो. दिवाळी अंकांचं तर विचारूच नका. वाचक वर्षभर त्यांची वाट बघतात, एकेक अंक तीनशे-चारशेचा, पंचवीस घ्यायचे तर आठ-नऊ हजार दिवाळीला हातात लागतात, आणि पैसे येणार मार्चात. वरातीमागून घोडं. दरवर्षी आम्ही चौघं कमिटीवाले खिशातून घालतो आणि नंतर वळते करून घेतो, जमलं तर.

बोगस वाचनालयांचं म्हणाल तर हो, होती. बोर्ड आहे, आत कडबा भरलाय, असं वाचनालय मी स्वतः बघितलंय. २०१२ मध्ये महसूल खात्याकडून राज्यभर पडताळणी झाली ती व्हायलाच हवी होती, माझं दुमत नाही. पण त्यानंतर नवीन मान्यता आणि दर्जावाढ वर्षानुवर्षं बंद ठेवली त्याचं काय? आमच्याकडे साडेचार हजार पुस्तकं झाली तरी आम्ही ‘ड’ चे ‘ड’. ज्यानं चोरी केली त्याची मान्यता गेली, ज्यानं प्रामाणिकपणे पुस्तकं वाढवली त्याचा वर्ग गोठला. शेतात रानडुक्कर शिरलं म्हणून विहीरच बुजवायची, असला प्रकार.

आता ते पाच म्हातारे. येतात, खरंय, आणि मला त्यात लाज वाटावी असं काही दिसत नाही. पण एकदा आमच्याकडे संध्याकाळी सातला या. आतल्या खोलीत पोलीस भरती आणि एमपीएससीवाली पोरं बसलेली असतात कारण घरी एका खोलीत टीव्ही चालू असतो. कादंबऱ्या बदलायला आलेल्या बायका असतात. भजनी मंडळाची पेटी आणि तबला आमच्याच कपाटात असतो, आणि थंडीत गावातली पोरं एकांकिका बसवतात तेव्हा साडेआठनंतर तालीम आमच्याच हॉलमध्ये, टेबलं भिंतीला लावून. त्या हॉलचं भाडं शहरात किती पडेल ते तुम्हीच सांगा. आमची व्याख्यानमाला पूर्वी तीन दिवस चालायची, आता एकच दिवस, आणि वक्त्याला मानधन न विचारता नारळ आणि शाल देतो, येणाऱ्यांचा मोठेपणा. वाचनालय म्हणजे फक्त पुस्तकं असं धरलं की मोबाईलशी तुलना होते. मोबाईलमध्ये तालीम करता येते का?

रस्ते-दवाखाने आधी, हे तुमचं वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय. पण आमचे ४८ हजार वाचवून कुठला रस्ता झाला ते मला कुणी अजून दाखवलेलं नाही. उलट साहित्य संमेलनाला सरकार दोन कोटी देतं. द्यावेत, मी स्वतः दोन संमेलनांना जाऊन आलोय आणि पिशव्या भरून पुस्तकं आणलीत. पण दोन कोटी म्हणजे ‘ड’ वर्गाच्या चारशेहून जास्त वाचनालयांचं वर्षाचं अनुदान होतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली तेव्हा आम्हीपण पेढे वाटले, पैसे अर्थात वर्गणीतले.

तमिळनाडू-कर्नाटकात मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय सेस, म्हणजे ग्रंथालयांसाठीचा जादा कर, घेतात, आपल्या १९६७ च्या कायद्यात तशी सोयच नाही. सेस आला की स्वर्ग असंही नाही म्हणा, बंगळुरूत महापालिका गोळा केलेला सेस ग्रंथालय खात्याला वेळेवर देत नाही अशी ओरड आहेच. पण निदान तो आपला म्हणून मागता तरी येतो, आमच्यासारखं दरवर्षी हात पसरावे लागत नाहीत.

राहता राहिली तुमच्या वडिलांची पुस्तकं. अजून ठेवली असतील तर यादी करून मला मेल करा, हातानं लिहून फोटो काढलात तरी चालेल. जुने कायद्याचे ग्रंथ आणि कुजलेली मासिकं नकोत, जागा नाही. कथा-कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, नाटकांची पुस्तकं असली तर सगळी द्या, नाटकांची तर नक्की, पोरं दरवर्षी झेरॉक्स शोधत फिरतात. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ उघडं असतं, सोमवारी बंद. निघायच्या आधी मला फोन करा म्हणजे मावशींना काही अडचण असली तर किल्ली घेऊन मीच थांबतो.