मेझुझा ‘नुसती डबी’ नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

इस्रायलच्या सरकारी विद्यापीठांतल्या धर्मचिन्हांवर मी लिहिलं, त्यात ज्यू लोक दाराच्या चौकटीवर लावतात ती मेझुझाही धर्मचिन्हच आहे असं म्हटलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली : “दारावरची ती नुसती डबी आहे, तिला धर्म चिकटवणं हे तुमचं अज्ञान.” मतभेद असू देत. पण ‘अज्ञान’ हा शब्द लागला. मी अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरातला. मेझुझा मला पुस्तकातून कळलेली नाही.

एक चूक मान्य. हिब्रू विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं असं मी लिहिलं होतं. त्या वर्षी फक्त कोनशिला बसली. उद्घाटन १ एप्रिल १९२५चं. दुरुस्ती केली आहे.

आता डबी. तिला स्वतःचं महत्त्व नाही, प्लास्टिकचीही चालते. मेझुझा म्हणजे आतलं चर्मपत्र. त्यावर तोरा या ज्यू धर्मग्रंथातले दोन उतारे सोफेर, म्हणजे धर्मलेखनिक, हातानं लिहितो : २२ ओळी, ७१३ अक्षरं. छापील चालत नाही. अक्षरं क्रमानंच लिहायची असतात, त्यामुळे मधलं एखादं सुटलं तर मागाहून भरता येत नाही, अख्खं पत्र बाद. ओलीनं, उन्हानं शाई तडकून अक्षर तुटलं तरी बाद होऊ शकतं. म्हणून घरातली मेझुझा सात वर्षांत दोनदा तपासायची, सार्वजनिक जागेतली पन्नास वर्षांत दोनदा. आत शिरताना उजव्या हाताच्या चौकटीवर, वरच्या तिसऱ्या भागाच्या तळाशी, आधी प्रार्थना म्हणतात आणि मग ती लावतात. स्वच्छतागृहाला लावत नाहीत. शोभेच्या वस्तूला इतके नियम असतात का?

मेझुझा काढा, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. तुम्ही ते माझ्या तोंडी घातलंत. डिसेंबर २०१६मध्ये टेक्निऑन या विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाच्या इमारतीत ख्रिसमस ट्री उभं राहिलं, तेव्हा तिथल्या रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) ज्यू विद्यार्थ्यांना आत जाऊ नका असं सांगितलं. आपली ती डबी आणि दुसऱ्याचं झाड तेवढा धर्म, या हिशेबाला माझा विरोध आहे.

२०१७मध्ये हिब्रू विद्यापीठाच्या मानव्यविद्या शाखेनं समारंभात ‘हातिक्वा’ हे इस्रायलचं राष्ट्रगीत वाजवलं नाही, त्याला तुम्ही देशद्रोह म्हणता. त्या गीतात ‘ज्यू जीव’ आहे. अरब विद्यार्थिनीनं ते स्वतःचं म्हणून कसं गावं, एवढं सांगा. बाकीच्या आरोपांत उत्तर देण्यासारखं काही नाही.

आणि मेझुझा एकदा उघडून पाहाच. परत ठेवताना चर्मपत्र डावीकडून उजवीकडे गुंडाळा, म्हणजे उघडताना ‘शमा’ हा पहिला शब्द आधी दिसेल. घडी घालू नका, शाई तुटते.