झावळ्या फुकट असताना स्पिरिट कशाला?

नमस्कार काका (वय तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणतो),

कोकण किनाऱ्यावर भटकताना चहाला स्पिरिटचा छोटा स्टोव्ह काटकसरीचा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन. एक, अर्धा लिटर पाण्याला दहा मिनिटं घेणारा स्पिरिटचा स्टोव्ह काटकसरी कसा, गॅसवर तेच तीन-चार मिनिटांत होतं. दोन, कोकणात झावळ्या-करवंट्या पायाशी पडलेल्या असताना पाठीवर स्पिरिट वाहायचं कशाला.

दुसरा आधी निकालात काढतो. त्या झावळ्या कोणाच्या तरी वाडीतल्या असतात आणि त्याच घरच्या बंबाखाली जातात. राहिलं किनाऱ्यावरचं सुरूचं बन. खाली वाळक्या सुयांचा थर, वरून वारा. तिथे चूल मांडणार नाही, कोणाला मांडूही देणार नाही.

आता मिनिटांचं. वेळ आणि इंधन हे वेगळे हिशोब आहेत. 27 अंशांचं अर्धा लिटर पाणी 100 अंशांवर न्यायला साधारण 153 किलोज्यूल लागतात. एक मिलिलिटर इथेनॉल (स्पिरिटमधलं अल्कोहोल) जळून 21च्या आसपास मिळतात. सगळी उष्णता पाण्यात उतरली, तर साडेसात मिलिलिटरमध्ये काम व्हावं. प्रत्यक्षात 15 ते 20 लागतं, कारण बाकीची भांड्याच्या कडेने वर निघून जाते. जाळ मोठा केलात की पाणी लवकर उकळतं, पण कडेने निसटणारा वाटाही वाढतो. तुमच्या बंबात जाळाची नळी पाण्याच्या मधून जाते म्हणून चार सोडणांत (नारळाच्या सुक्या सालांत) अंघोळीचं पाणी होतं. आमच्या पातेल्याला ती सोय नाही. मग बुडाला रुंद भांडं, ज्योत बुडाच्या आत राहील एवढीच, आणि वर झाकण. झाकण न ठेवता स्टोव्हला नावं ठेवणारे फार भेटतात!

आणि आडोसा. गुहागर काय, हरिहरेश्वर काय, संध्याकाळच्या वाऱ्यात उघडा स्टोव्ह कितीही पेटवा, पाणी कोमटच राहतं. जाड फॉइलची पट्टी भांड्याभोवती बोटभर अंतर सोडून उभी करायची, खाली हवेला भोकं ठेवायची. गॅसच्या डब्यावर बसणाऱ्या बर्नरला मात्र असा वेढा घालू नका, डबा तापतो.

स्पिरिट औषधाच्या बाटलीच्या मापाच्या टोपणाने मोजून ओतावं. दिवसा ज्योत जवळजवळ दिसत नाही, म्हणून विझलाय असं वाटून वरून ओतलंत तर भडका उडेल. पूर्ण गार झाल्यावरच भरायचं. तंबूच्या आत तर पेटवायचाच नाही. हँड सॅनिटायझरमध्ये पाणी असतं, ते धड जळत नाही. पॉलिशवाले वापरतात ते डिनेचर्ड स्पिरिट चालतं, पण ते विष आहे, पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका. रेल्वेत ज्वालाग्राही वस्तू न्यायला बंदी आहे. तेव्हा मुंबईहून येणाऱ्यांनी उतरल्यावर चिपळूण-रत्नागिरीच्या हार्डवेअरच्या दुकानात विचारावं.

चौघांचा भात शिजवायचा असेल, तर मीही गॅसच घेतो. एकट्याच्या चहाला मात्र 230 ग्रॅम गॅससाठी दीडशेएक ग्रॅमचा लोखंडी डबा वाहायचा, आणि तो रिकामा झाल्यावरही परत आणायचा, हे मला पटत नाही.