‘समिती संपली’ म्हणणाऱ्यांनी मतं मोजली का?

2023 च्या कर्नाटक विधानसभा निकालापासून बेळगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. 1 नोव्हेंबरचा काळा दिन, म्हणजे सीमाभागातल्या मराठी माणसांचा निषेधाचा दिवस, जवळ आला की त्याला नव्याने पालवी फुटते. “महाराष्ट्र एकीकरण समितीचा एक आमदार नाही, महापालिकाही गेली. मराठी माणसानेच समितीला घरी बसवलं आणि सीमाप्रश्न मिटवला.”

बेळगावसह मराठी सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या या समितीचे आमदार शून्य, हे खरंच. 2018 लाही शून्य, 2008 लाही शून्य. पण 2008 नंतर 2013 ला बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील निवडून आले, हे लिहिणारा गाळतो. 2021 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या शुभम शेळके यांना 1 लाख 17 हजारांवर मतं पडली. भाजपचा विजय होता जेमतेम 5,240 मतांचा. 2023 ला दक्षिणमध्ये समितीचे रमाकांत कोंडुसकर हरले, पण साठ हजारांच्या वर मतं घेऊन. घरी बसवलेल्याला एवढं कोण देतं?

“मराठी माणसानेच.” इथं जरा थांबू. 2018 ला खानापुरात समितीचेच दोघे उभे होते, अरविंद पाटील आणि विलास बेळगावकर. काँग्रेसच्या अंजली निंबाळकर 37 हजारांच्या आतल्या मतांवर आमदार झाल्या. या दोघांची बेरीज त्याहून जास्त होते. तिथं मतदाराने नाही, बेकीने घालवलं.

पण सगळं खापर बेकीवर फोडायलाही मी तयार नाही. आमच्या बाजूची ती लाडकी सबब आहे. त्याच वर्षी दक्षिणमध्येही समितीत दोन तट होते, आणि दोन्ही तटांची मतं एकत्र केली तरी भाजपच्या जवळपास पोचत नव्हती. भगवा, शिवजयंती, गल्लीतली युवक मंडळं, हे सगळं समितीचं घरचं भांडवल. तीच भाषा भाजप बोलू लागला, वर केंद्रातली सत्ता आणि पक्षाचं कायमचं चिन्ह. समितीचा उमेदवार मात्र कागदावर अपक्ष. दर वेळी नवं चिन्ह घेऊन दारोदार समजावत फिरायचं.

महापालिकेत याचाच फटका बसला. 2021 ला निवडणूक पक्षचिन्हांवर झाली आणि 58 पैकी 35 जागा भाजपने नेल्या. तो पराभव निर्विवाद. पण त्या 35 जणांची यादी काढून आडनावं वाचा, मराठी किती ते दिसेल.

राहिला सीमाप्रश्न. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा महाराष्ट्र सरकारचा आहे, समितीचा नव्हे. आमदार पडले म्हणून तो निकाली निघत नाही.

आणि हो, खानापूरचे अरविंद पाटील पुढे भाजपमध्ये गेले. त्या मजकुरात हे नाही. आमच्या बैठकांतही हा विषय कुणी काढत नाही.