शंभर मीटर मोजले, पण जमीन कोण बघणार?

शनिवारवाड्याभोवतीच्या शंभर मीटरचा वाद पुण्याला फोन केला की हमखास निघतो. 2010 च्या कायदा-दुरुस्तीने केंद्रीय संरक्षित वास्तूपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई झाली, पुढच्या 200 मीटरला परवानगी लागते. माझ्या आत्याचा वाडा त्या शंभरात येतो. डागडुजी करता येते, पण पाडून नवं बांधता येत नाही. पावसाळ्यात माडीवर ठिकठिकाणी पातेली मांडलेली असतात, मागच्या भिंतीला लाकडी टेकू आहेत. "वारसा जपा म्हणतोस, पण आम्हाला कोण जपणार?" हा तिचा प्रश्न रास्त आहे.

मी राहतो श्रॉपशरमध्ये, इंग्लंड-वेल्स सीमेवर. इथून ऑफाचा बांध जातो. मर्सिया या इंग्लंडातल्या जुन्या राज्याचा राजा ऑफा याने (राज्यकाळ 757 ते 796) वेल्सच्या बाजूला खंदक खणून त्याच मातीचा हा बांध घातला, असं मानतात. पुणे परिसराचा उल्लेख असलेले राष्ट्रकूट ताम्रपट 758 आणि 768 चे, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या. लॅनफेअर टेकडीवर बांध अजून उंच आहे. वर मेंढ्यांनी पाडलेल्या पायवाटा, कडेला बिळं उकरून बाहेर आलेली लाल-तपकिरी माती, आणि खंदकात उन्हाळ्यातही ओल. खाली उतरलात की मात्र नांगरलेल्या शेतात तो नुसता फुगवटा उरतो, आणि एका कुंपणापाशी तोही संपतो.

इथे सगळं आलबेल आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. 2013 मध्ये चर्कजवळ याच संरक्षित बांधाचा एक तुकडा यंत्राने सपाट केला गेला, आणि कुणालाही शिक्षा झाली नाही. नुसत्या कायद्याने माती वाचत नाही. पण एक गोष्ट इथे नक्की चांगली आहे. 1990 पासून इंग्लंडमध्ये बांधकामाची परवानगी देताना जमिनीखालच्या अवशेषांचा विचार होतो. गरज असेल तिथे पाया खणण्याआधी पुरातत्त्वज्ञ येऊन उत्खनन करतात आणि त्याचा खर्च बांधणारा देतो. नोंद झाली की इमारत उभी राहते.

आपण नेमकं उलटं केलंय. शंभर मीटरच्या आत माणसं अडकली आहेत आणि तीनशेच्या बाहेर दोन-दोन मजली तळघरं खणली जातात, तेव्हा जेसीबीच्या तोंडाला काय लागलं हे बघायला कुणी नसतं. कसब्याला, म्हणजे पुण्याच्या जुन्या मूळ वस्तीला, एके काळी कोट होता. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने 1630 च्या सुमारास पुणं उद्ध्वस्त केलं, गाढवाचा नांगर फिरवला, हे आपण शाळेत शिकतो. त्या कोटाची कुंभारवेस आज पत्त्यात तेवढी उरली आहे. जमिनीखाली काही असेलच, तर ते प्रत्येक नव्या पायाबरोबर डंपरमध्ये भरून जातंय.

2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. शिवनेरी, लोहगड, राजगड त्यात आहेत याचा मला मनापासून आनंद झाला. पण दगडावरचं हे प्रेम मातीपर्यंत पोचत नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी वस्तीला तट आणि खंदक केले होते. पुणे जिल्ह्यातला सर्वांत जुना ज्ञात तट बहुधा हाच, आणि राजगडावर दर रविवारी जाणाऱ्या किती जणांनी त्याचं नाव ऐकलंय?

माझं म्हणणं एवढंच की वास्तूपासूनचं अंतर मोजणं पुरे करा. शनिवारवाड्याच्या आसपासच्या घरांना उंचीची मर्यादा घालून नव्याने बांधू द्या, आणि साऱ्या जुन्या कसब्यात पाया खणण्याआधी तपासणी सक्तीची करा. तीन-चार आठवड्यांची मुदत ठरवा, म्हणजे फाइल वर्षानुवर्षं पडून राहणार नाही. खर्च बिल्डरने द्यावा, भाडेकरूने किंवा घरमालकाने नव्हे. हे काम करणारी माणसं आपल्याकडे आहेत. इनामगाव ज्यांनी खणलं ते डेक्कन कॉलेज येरवड्यालाच आहे.