मलेशियात फुटबॉल क्लब घेताय? मग सातवा नंबर बघा

समजा तुमच्याकडं चार पैसे जास्तीचे झालेत, घरचे प्लॉट घे, सोनं घे म्हणून मागं लागलेत आणि तुम्हाला मात्र ते पैसे एकदाचे कायमचे घालवून मोकळं व्हायचंय, तर माझं ऐका, मलेशिया सुपर लीगमधला एखादा क्लब घ्या. शेअर बाजारात उगाच कधीतरी वर जायची धाकधूक असते, इथं तो त्रास नाही.

मी पेतालिंग जायात नोकरीला आहे, मूळ कोल्हापूरचा. म्हणजे पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी तालमींची मॅच असली की दुकानाचं शटर अर्धं ओढून शाहू स्टेडियमवर पळणाऱ्या गावचा, त्यामुळं फुटबॉलपायी माणूस किती येडा होऊ शकतो हे मला नव्यानं कुणी सांगायला नको. तरीपण इथले तीनचार सीझन बघून मी जे शिकलोय ते तुम्हाला फुकटात देतो, नाहीतर कन्सल्टंट लोक ह्याचेच पैसे लावतील.

पहिली गोष्ट, पहिला नंबर डोक्यातून काढून टाका. तो आधीच बुक आहे. जोहोर दारुल ताझिम, म्हणजे जेडीटी, २०१४ ला लीग जिंकले आणि ते धरून २०२४-२५ पर्यंत सलग ११ वेळा तेच जिंकले, म्हणजे २०१४ ला जे पोर बालवाडीत रडत बसलं होतं ते दहावीला आलं तरी चॅम्पियन तोच. मालक कोण, तर जोहोरचे युवराज तुंकू इस्माईल. त्यांचे वडील सुलतान इब्राहिम २०२४ च्या जानेवारीत अख्ख्या मलेशियाचे राजे झाले. आता कोल्हापूरकराला राजघराणं आणि फुटबॉल हे नातं समजावून सांगावं लागत नाही, पण आमच्याकडं राजाश्रय सगळ्या पेठांना मिळून असतो हो, इथं एकाच तालमीला आहे. युवराजांनी २०१२ च्या सुमारास सगळं हातात घेतलं, एकदा तर अर्जेंटिनाचा पाब्लो आयमारसुद्धा आणला, तो मोजक्या मॅच खेळून गेला पण आला होता हे महत्त्वाचं. २०२० पासून ४०,००० सीटचं स्टेडियम आहे, केळीच्या पानाच्या आकारावर डिझाइन केलेलं. पान त्यांचंच, वाढपी त्यांचाच, आणि पंगतीत बाकीचे बारा जण मीठ-लिंबू बघत बसलेत. २०२३ ला लीगच्या २६ मॅचमध्ये एकही हरले नाहीत. २०२४ ला एफए कपच्या फायनलला सेलांगोरला ६-१ मारलं, फायनलला हां, प्रॅक्टिस मॅच नव्हे.

तुम्ही म्हणाल की अहो मग ह्यांना कुणीच हरवत नाही का. हरवतात की! २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या बंगलोर एफसीनं एएफसी कपच्या सेमीफायनलला हरवलं होतं, जेडीटी तेव्हा गतविजेते, तिकडं जोहोरला १-१ आणि इकडं कांतीरवाला ३-१, छेत्रीचे दोन गोल. इथल्या ऑफिसात कुणी जेडीटीवाला जास्त बोलायला लागला की मी एवढं एकच वाक्य वापरतो आणि पुढचे दोन दिवस सुखात जातात. मात्र त्यानं उलट आयएसएल, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगबद्दल विचारलं की मी चहा आणायला उठतो, कारण २०२५ चा सप्टेंबर उलटला तरी आपली लीग कधी सुरू होणार हेच कुणाला सांगता येत नव्हतं.

तर पहिला नंबर गेला. आता साहजिकच तुम्हाला वाटेल की मग दुसरा तरी गाठू, मान आहे, आशियात खेळायची संधी आहे. थांबा. इथंच तुमच्यासारखी भली माणसं फसतात. दुसरा नंबर ही ह्या लीगमधली सगळ्यात डेंजर जागा आहे. मी गंमत करत नाही, नावं मोजून बघा. २०१६ ला दुसरे आले फेल्डा युनायटेड, पाम तेलाच्या सरकारी वसाहतींची टीम, २०२० च्या सीझननंतर गाशा गुंडाळला. २०१७ आणि २०१९ ला दुसरे आले पहांग. २०१८ ला पेराक. २०२० आणि २०२१ ला केदाह, दोनदा लागोपाठ, म्हणजे त्यांनी तर नशिबाला आवतणच दिलं. आणि आता २०२५ चा उन्हाळा बघा, पेराक बंद, पहांगची माघार, केदाहला लायसन्स नाही, एका झटक्यात तिन्ही रनर-अप सुपर लीगमधून गायब. पहांगचं तर ऐकाच, २६ एप्रिलला बुकित जलील स्टेडियमवर मलेशिया कपची फायनल खेळले, जेडीटीकडून २-१ हरले, म्हणजे चांगलं खेळले की, आणि नंतर काही आठवड्यांत जाहीर केलं की पैसे नाहीत, आम्ही येत नाही. लग्नात नाच नाच नाचायचं आणि सत्यनारायणाला घर विकायचं, असला प्रकार. २०२२ ला दुसरे आलेल्या तेरेंगानूवाल्यांना मी काही बोलत नाही, उगाच त्यांच्या जिवाला घोर नको.

बरं, जेडीटीच्या आधीचे चॅम्पियन तरी सुखात असतील म्हणावं तर २०११ आणि २०१२ चं चॅम्पियन केलांतान. २०१२ ला तर लीग, एफए कप, मलेशिया कप, तिन्ही घेतलेले, अन् २०२३ ला तळाला जाऊन लीगबाहेर. २०१३ चं चॅम्पियन लायन्स ट्वेल्व्ह, ही सिंगापूरची टीम मलेशियाच्या लीगमध्ये येऊन जिंकून गेली आणि २०१५ नंतर टीमच विसर्जित. म्हणून माझा हिशोब साधा आहे. १३ टीमा असतील तर सातवा नंबर पकडा. वर सहा, खाली सहा, कुणाचं लक्ष जात नाही, नजर लागत नाही, देणेकरी पण आधी वरच्यांकडं जातात.

सेलांगोरवाले तेवढे चिवट आहेत, २०१४, २०१५, २०२३ आणि २०२४-२५ असे चारदा दुसरे येऊन पण टिकलेत, पण त्यांचं काय काय झालंय ते विचारा. मलेशिया कप त्यांनी ३३ वेळा जिंकलाय, तो कप १९२१ पासूनचा आहे, म्हणजे इथले खानदानी तेच. शाह आलमचं त्यांचं ८०,००० सीटचं स्टेडियम २०२० पासून बंद पडलं आणि २०२४ ला पाडायला घेतलं, तोवर पेतालिंग जायाच्या महापालिकेच्या छोट्या ग्राउंडवर संसार. आणि त्याच २०२४ च्या ५ मे ला, सीझन सुरू व्हायला पाच दिवस असताना, त्यांचा फैसल हलीम, जानेवारीत आशिया कपमध्ये कोरियाला तो अशक्य अँगलमधनं गोल मारणारा, त्याच्यावर एका मॉलमध्ये कुणीतरी ॲसिड फेकलं. ह्याच्यावर मला काही गमतीचं लिहिता येत नाही. त्याच सीझनमध्ये तो परत मैदानात उतरला. पण व्यवस्थेचं बघा, सेलांगोर म्हणालं १० मे ची जेडीटीबरोबरची चॅरिटी शिल्डची ओपनिंग मॅच पुढं ढकला, आमची पोरं हादरलीत, लीगनं नाही म्हटलं, सेलांगोर आलं नाही, तर शिल्ड ३-० नं जेडीटीला देऊन टाकली आणि वर सेलांगोरला दंड. तर तुम्ही मालक झाल्यावर लक्षात ठेवा, कुणावर काहीही कोसळो, फिक्स्चर हलत नसतं.

आता पगाराचं. नवीन मालकाला सगळ्यात जास्त टेन्शन ह्याचं येतं आणि सगळ्यात कमी यायला पाहिजे. इथं पूर्वी क्लब म्हणजे राज्याची असोसिएशन, अध्यक्ष बऱ्याचदा राज्याचा मुख्यमंत्रीच, पैसे राज्याच्या तिजोरीतनं किंवा राज्याच्या कंपन्यांकडनं यायचे, निवडणूक जवळ आली की स्ट्रायकर यायचा. मग लीगनं सांगितलं की आता कंपन्या करा, प्रायव्हेट व्हा, खर्च आपला आपण बघा. झालं, बोर्डवरचं नाव बदललं, जमेची बाजू होती तिथंच राहिली. तिकिटात पोट भरत नाही, टीव्हीचा पैसा पुरत नाही, पण समोर जेडीटी आहे म्हणून तुम्ही ब्राझीलचा एक, घानाचा एक असे प्लेअर आणता, तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट करता आणि तिसऱ्याच महिन्यात दोन मलय शब्द शिकता: मिंगू देपान. म्हणजे पुढचा आठवडा. हे शब्द हसतमुखानं म्हणायचे, हात छातीवर ठेवून. पगार मिंगू देपान, पीएफ मिंगू देपान. केदाहला ह्याच पगारापायी पॉइंट कापून घ्यावे लागले, आता बघा, पैसे नाहीत म्हणून पॉइंट जातात, पॉइंट गेले म्हणून स्पॉन्सर जातो, स्पॉन्सर गेला म्हणून पैसे नाहीत, एवढी सुबक गोल रचना आपल्या सहकारी साखर कारखान्यांना पण जमलेली नाही. आणि आपण तरी हसायचं कशाला, एफसी पुणे सिटी २०१९ ला गेला तेव्हा पुण्यात किती जणांना कळलं? गोव्याचे साळगावकर आणि स्पोर्टिंग २०१६ ला आय-लीगमधनं बाहेर पडले तेव्हा निदान ते म्हणाले तरी की आम्हाला हा कारभार पटत नाही.

पगारातनं सुटायचा एक रामबाण मार्ग म्हणजे सरकारी खातं व्हा. गंमत नाही, लीगमध्ये पोलिसांची टीम आहे आणि २०२५-२६ पासून इमिग्रेशन खात्याची पण आहे. मुंबईच्या हारवूड लीगमध्ये कस्टम्स, वेस्टर्न रेल्वे असायचे तसंच, पण ही देशाची टॉप लीग आहे. मी तर म्हणतो रेफ्रीचं काय होत असेल. एका मॅचला पोलिसाला पेनल्टी नाकारायची आणि पुढच्या मॅचला व्हिसा बघणाऱ्याला ऑफसाइड द्यायचं. रिकाम्या जागा भरायला ब्रुनेईचा डीपीएमएम पण आणलाय. अख्खा दुसरा देश बोलवायची वेळ आली तरी लीग १३ टीमांची भरली, ह्याला मी नियोजन म्हणतो.

आता आजोबा. हा धडा नीट वाचा, २०२५ चा सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे. आपल्याकडं लोक पणजोबाची नोंद काढायला मोडी वाचणाऱ्या माणसाला गाठतात, तहसीलमध्ये हेलपाटे घालतात, तरी दाखला मिळेल ह्याची खात्री नसते. इकडं जून २०२५ मध्ये मलेशियानं आशिया कप क्वालिफायरला व्हिएतनामला ४-० हरवलं, देश नाचला, आणि मग फिफानं सात परदेशी जन्माच्या प्लेअरच्या आजी-आजोबांचे कागद मागवले. कागदावर आजोबा मलाक्काचे, फिफाला मिळालेल्या मूळ नोंदीत नेदरलँड्समधल्या हेगचे. दुसऱ्या कुणाची आजी अर्जेंटिनाची, कुणाचे स्पेनचे. सप्टेंबरमध्ये सातही जणांना १२ महिन्यांची बंदी आणि मलेशियाच्या फुटबॉल असोसिएशनला साडेतीन लाख स्विस फ्रँक दंड, पुढं नोव्हेंबरमध्ये फिफानं अपीलही फेटाळलं. असोसिएशनचं म्हणणं काय, तर स्टाफकडनं टेक्निकल चूक झाली. अहो, टेक्निकल चूक म्हणजे आडनावात वेलांटी ऱ्हस्व पडते. मलाक्का ते हेग हे अंतर विमानानं तेरा-चौदा तासांचं आहे. त्या सातांतले तिघं तर जेडीटीचे, म्हणजे चॅम्पियनलापण कागद नडला, तुमची काय कथा. तेव्हा प्लेअर घेताना गुडघा नंतर तपासा, आधी आजोबांचं गाव विचारा, आणि शक्य असेल तर त्या गावात जाऊन चहा पिऊन या.

राहता राहिला सपोर्टर. तुमच्या सगळ्या धंद्यात एवढाच एक माणूस आहे जो पैसे देतो आणि वेळेवर देतो, त्यामुळं त्याला सगळ्यात कमी किंमत द्यायची असते.

आमच्या बिल्डिंगखाली एक मामक, म्हणजे तमिळ मुसलमानांचं हॉटेल आहे, रात्रभर चालू असतं, रोती चनाई, तेह तारिक, भिंतीवर मोठा पडदा. ती ६-१ वाली फायनल मी तिथंच बघितली. एक केलांतानचा माणूस असतो, पार्सल पोचवायचं काम करतो, त्याच्या अंगात केलांतानची लाल जर्सी, छातीवरचा स्पॉन्सर धुऊन धुऊन निम्मा उडालेला, बगलेत उसवून परत शिवलेली. चौथा गोल झाला तेव्हा सेलांगोरचे लोक उठून बिल द्यायला लागले. हा पठ्ठ्या हलला नाही, सहावा गोल होईपर्यंत बसला, रोतीचा शेवटचा तुकडा डाळीत बुडवून खाल्ला आणि मग मला म्हणाला, ह्यांना घरी जायची घाई का आहे, हरायला तरी मिळतंय ना. त्याच्या गावची टीम आता नवीन नावानं, नवीन कंपनीनं लीगमध्ये आलीये. विचारलं, नवी जर्सी घेतली का? म्हणाला, बघू, एक सीझन काढू दे त्यांना.

तुम्ही पण क्लब घ्यायच्या आधी तुमच्या टीमची जर्सी एकदा घेऊनच टाका, आणि घेताना दोन साइझ मोठी घ्या, कारण क्लब बंद पडून परत उभा राहायला सात-आठ वर्षं सहज जातात आणि तोवर रोती चनाईनं पोट सुटलेलं असतं.