उत्क्रांती उधारीवर चालत नाही

गेल्या काही दिवसांत एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. त्याचा गाभा असा: डोंगरमाथ्यावरच्या प्राण्यांनी हिमयुगं पचवली आहेत, हवा तापली तर ते वर सरकतील, गरजेप्रमाणे शरीर बदलतील, मरतील ते दुबळे, उरतील ते बळकट, तेव्हा त्यांना वाचवण्याचा खटाटोप म्हणजे उत्क्रांतीच्या कामात ढवळाढवळ. पाठवणाऱ्यांत जीवशास्त्र शिकवणारे एक गृहस्थही होते, म्हणून मुद्देसूद उत्तर द्यावंसं वाटलं.

‘गरज पडली की शरीर बदलतं.’ सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. पट्टकादंब हा स्थलांतरी हंस हिमालय ओलांडताना विरळ हवेतला प्राणवायू इतर हंसांपेक्षा घट्ट पकडू शकतो, कारण त्याच्या हिमोग्लोबिनमध्ये, म्हणजे रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या प्रथिनात, काही बदल झालेले आहेत. त्यांतला सर्वांत परिणामकारक बदल म्हणजे एका जागी प्रोलीन या अमिनो आम्लाऐवजी आलेलं अ‍ॅलॅनीन हे दुसरं अमिनो आम्ल. पण समोर हिमालय दिसला म्हणून तो बदल घडला नाही. उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांत होणारे बदल, गरज ओळखून होत नाहीत. ती आंधळेपणाने होतात, आणि नैसर्गिक निवड जे हाताशी असेल त्यातूनच होते.

स्नोशू ससा हे याचं फार बोलकं उदाहरण आहे. हा ससा हिवाळ्यात पांढरा होतो. बर्फ उशिरा पडलं की तपकिरी जमिनीवर तो शिकाऱ्याला लांबून दिसतो, आणि माँटानातल्या अभ्यासात अशा सशांचं मरण्याचं प्रमाण खरोखरच जास्त आढळलं. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडे, जिथे बर्फ कमी पडतं, तिथे मात्र याच जातीचे काही ससे हिवाळ्यातही तपकिरी राहतात. ही सोय कुठून आली? २०१८ साली उलगडा झाला: अगूटी नावाच्या जनुकाचं हे रूप जॅकरॅबिट या वेगळ्या जातीशी पूर्वी कधी तरी झालेल्या संकरातून आलेलं आहे. म्हणजे उपाय अस्तित्वात आहे, पण तो ठरावीक प्रदेशातल्या सशांकडे आहे. तिथून डोंगरातल्या सशांपर्यंत तो पिढ्यान्‌पिढ्या पोचायचा, तर मधली वस्ती अखंड असावी लागते.

‘हिमयुगं पचवली आहेत.’ थंडी वाढते तेव्हा थंडीला सरावलेले प्राणी खाली उतरतात, त्यांचा मुलूख पसरतो, एका डोंगरावरचे दुसऱ्या डोंगरावरच्यांना भेटतात. उबदार काळात ते शिखरांवर जातात आणि एकमेकांपासून तुटतात. तेव्हा हिमयुगाचा दाखला इथे उलटाच लागू पडतो. मधल्या उबदार काळांतूनही ते तगले हे खरं, पण तेव्हा दऱ्यांमध्ये महामार्ग, कुंपणं आणि धरणं नव्हती.

‘वर सरकतील.’ सरकतात, हे मान्य. सगळे डोंगर सुळक्यासारखे निमुळते नसतात, हेही मान्य. २०१५ साली १८२ पर्वतरांगा मोजल्या, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश रांगांमध्ये उंचीबरोबर जमीन एकसारखी घटत जात नाही असं दिसलं. पण जे आधीच माथ्यावर आहेत त्यांना याचा काय उपयोग? पेरूमधल्या पँटियाकोया या डोंगरावर १९८५ साली झालेली पक्षिगणना २०१७ मध्ये पुन्हा केली गेली. पक्षी वर सरकले होते, आणि माथ्यावरच्या, पूर्वी सहज दिसणाऱ्या काही जाती सापडल्याच नाहीत.

त्याहून चिंतेची गोष्ट कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीची आहे. तिथल्या अल्पाइन चिपमंक या छोट्या खारीचा मुलूख शंभर वर्षांत खालून सुमारे ५०० मीटरनी आक्रसला. सुदैवाने १९१५ च्या आसपास जमवलेली कातडी संग्रहालयात जपून ठेवलेली होती. तिच्यातला डीएनए आजच्या खारींशी ताडून पाहिला, तर जनुकीय विविधता घटलेली आणि टोळ्या एकमेकींपासून जास्त तुटलेल्या आढळल्या. तिच्याच शेजारची, मुलूख फारसा न बदललेली दुसरी चिपमंक मात्र होती तशीच होती. वर सरकून प्राणी वाचला खरा, पण पुढच्या संकटासाठीची शिदोरी वाटेत सांडली.

‘उरतील ते बळकट.’ संख्या मोठी असते तेव्हा हे बऱ्याच अंशी खरं असतं. लहान टोळीत कोणतं जनुक पुढे जाणार हे गुणावर कमी आणि योगायोगावर जास्त ठरतं. हिशोब साधा आहे: प्रजननात खरोखर वाटा असलेले ५० प्राणी असतील, तर दर पिढीला विविधता सुमारे १ टक्क्याने घटते, १० असतील तर ५ टक्क्यांनी. आणि रानबकऱ्यांसारख्या जातींत मोजके नरच बहुतेक पिल्लांचे बाप असतात, त्यामुळे हा आकडा शिरगणतीपेक्षा बराच लहान असतो.

आल्प्समधला आयबेक्स हा रानबकरा शिकारीमुळे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या ग्रान पाराडिझो भागात जेमतेम शंभराच्या घरात उरला होता. राजाने ते रान स्वतःच्या शिकारीसाठी राखलं म्हणून तो वाचला. पुढे मूठमूठ आयबेक्स नव्या डोंगरांवर नेऊन सोडले, तिथून आणखी पुढे, आणि आज ते ५० हजारांच्या आसपास आहेत. अभिमान वाटावा असंच हे काम आहे. पण २०२० मध्ये त्यांचे जनुकसंच तपासले, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. अत्यंत घातक उत्परिवर्तनं बरीच गाळली गेली होती. इथे तो मजकूर थोडासा बरोबर ठरतो. सौम्य घातक उत्परिवर्तनं मात्र साचत गेली होती, कारण इतक्या लहान टोळ्यांमध्ये निवडीची चाळणी त्यांना अडवू शकली नाही. डोकी दोनशे वर्षांत शंभराची ५० हजार झाली, हरवलेली जनुकं परत आली नाहीत.

राहिला ‘ढवळाढवळी’चा मुद्दा. चुकीची ढवळाढवळ जीवघेणी असते, हे मध्य युरोपातल्या तात्रा पर्वतात दिसलं. तिथले आयबेक्स संपल्यावर ऑस्ट्रियातून आणलेले चांगले रुजले होते. मग त्यांच्यात तुर्कस्तानातले बेझोआर जातीचे रानबकरे आणि सिनाईतले न्युबियन आयबेक्स मिसळले. संकरित बकऱ्यांचा माजाचा काळ वर्षात लवकर येऊ लागला, पिल्लं ऐन फेब्रुवारीच्या कडाक्यात जन्मू लागली आणि सगळा कळप नष्ट झाला.

पण ऑस्ट्रेलियातल्या माउंट बुलरवरचा पिग्मी पॉसम पाहा. बर्फाखाली महिनोन्‌महिने निजणारा हा मूठभर प्राणी तिथे १९९६ मध्ये सापडला, आणि पुढच्या दहा वर्षांत त्याची संख्या आणि जनुकीय विविधता दोन्ही कोसळली. २०११ मध्ये हॉथम डोंगरावरचे काही नर तिथे आणून सोडले. संकरातली पिल्लं अंगाने मोठी निघाली, त्यांच्या माद्या जास्त जगल्या, त्यांना जास्त पिल्लं झाली, आणि सोबत मांजरं-कोल्ह्यांचा बंदोबस्त व अधिवासाची दुरुस्ती झाल्यावर टोळी पुन्हा भरली. ते नर आणता आले, कारण हॉथमवर ते अजून होते.